सगळ्यांत हलका थांबेल

माझ्या सासूबाईंना डायलिसिसची जागा मिळाली ती सिन्नरकडचे एक गृहस्थ वारले म्हणून. दवाखान्यातून फोन आला, ‘उद्या दुपारपासून या, जागा झालीय.’ मी फोन ठेवला तेव्हा सासूबाई ओट्यावर बसून शेवंती निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, “कोण गेलं?”

“असं का म्हणता आई? कोणी बरं झालं असेल.”

“किडनीवाला बरा होऊन मशीन सोडतो व्हय?” पाटीतलं एक सडकं फूल उचलून त्यांनी अंगणात भिरकावलं. “जाऊ दे. आपल्याला काय करायचंय. किती वाजता जायचं?”

त्यांचा उभा जन्म फूलबाजारात गेला होता. म्हसरूळच्या बाजूला आमची थोडी जमीन आहे. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. अंधारात फुलं तोडायची आणि उजाडायच्या आत गोदाकाठच्या बाजारात पाटी लावायची. तिथे त्यांची बसायची जागा ठरलेली होती. शेजारणीची पाटी वीतभर जरी अलीकडे सरकली तरी त्या ती पायानं ढकलून देत. एकदा शेजारीण बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा सासूबाईंनी तिची जागाही आपल्यात घेतली आणि ती परत आल्यावर सोडली नाही. हे त्या स्वतःच हसून सांगत. “बाजारात पाठ फिरली की जागा गेली,” असं त्यांचं म्हणणं.

दवाखाना नाशिक रोडच्या बाजूला, एका ट्रस्टचा. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत भिंतीला लागून पाच मशीन होती. पाचही एकसारखी, एकाच कंपनीची, एकाच रंगाची. कोणत्या मशीनवर कोण, याला काही अर्थ नव्हता. अर्थ होता तो कोण आधी आणि कोण नंतर याला. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ अशा तीन पाळ्या. आमची दुपारची. आठवड्यातून तीनदा मी सासूबाईंना रिक्षात घालून न्यायची. त्यासाठी मी माझा शिवणाचा क्लास बंद केला. नवऱ्यानं शेत सोडलं असतं तर घर बसलं असतं, म्हणून मी क्लास सोडला. कोणी मला विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला सांगायला गेले नाही.

मशीन चालवणारा टेक्निशियन तिशीतला मुलगा होता. सगळे त्याला सर म्हणत. सासूबाई ‘मशीनवाल्या’ म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण पाच मशीन, पंधरा माणसं आणि वर एक टेलिफोन यांच्यामध्ये उभं राहून त्याचा चेहरा कोरडा पडला होता. ठरलेल्या पेशंटांचं त्याला सगळं माहीत असायचं. अडचण व्हायची ती फोनची. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, कुठूनही फोन यायचा : एक पेशंट पाठवतोय, लघवी बंद आहे, मशीन तयार ठेवा. बस, एवढंच. तो कधी पोहोचेल, वाटेत दुसरीकडे नेतील का, आल्यावर त्याला मशीनवर किती वेळ लागेल, यातलं काहीच फोनवर कळत नसे.

“मला निम्मंच कळतं ताई,” एकदा तो मला म्हणाला. “कोणीतरी येतंय, एवढं कळतं. त्या निम्म्यावर मला पूर्ण दिवस बसवायचा असतो.”

आधी म्हणे तो फोनकडे लक्षच देत नसे. जो समोर आहे त्याला लावायचा. मग एकदा पाचही मशीन सुरू असताना दारात माणूस आला आणि बाकावरच गेला. त्यानंतर त्यानं नियम केला. फोन आला की एक मशीन मोकळं ठेवायचं, आणि त्या पाळीतला जो सगळ्यांत हलका असेल त्यानं थांबायचं. हलका म्हणजे ज्याच्या अंगात पाणी कमी साठलंय असा. प्रत्येकाचं वजन आल्याबरोबर काट्यावर व्हायचंच. जो जड भरेल त्याला आधी लावायचा, कारण त्याला दम लागतो आणि त्याचं कामही लांबतं. नियमात खोट काढायला जागा नव्हती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण तोवर आमच्यातलं कोणी थांबलेलं नव्हतं.

आमच्या पाळीत पाचजण होते. देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार, ते रांगेतही ताठ उभे राहत. एका कापडदुकानदाराची बायको, जिच्याबरोबर रोज वेगळा मुलगा नाहीतर सून यायची. एक अबोल कॉलेजातली मुलगी आणि तिचे वडील. आम्ही. आणि पेठकडचा एक माणूस, भाताची शेती करणारा, चाळिशीतला. तो बायकोबरोबर एसटीनं यायचा. घाटात गाडी अडकली की त्याला उशीर व्हायचा. आला की दोघं दारातच चपला काढून उभे राहत. इथे चपला काढायच्या नसतात हे कितीदा सांगितलं तरी काढत.

सासूबाई त्याच्या बायकोशी बोलत. मला नवल वाटायचं. बाकी कोणाशी त्यांचं पटत नव्हतं. सुभेदारांना त्या ‘खांब’ म्हणत, तेही ऐकू जाईल अशा आवाजात.

भाताची लावणी चालू होती त्या दिवसांतली गोष्ट. आम्ही पोहोचलो, वजन झालं आणि टेक्निशियन फोन हातात घेऊनच आमच्याकडे आला. त्र्यंबकच्या पलीकडून एक पेशंट निघाला होता. विशीतली पोर, चिखलात लावणी करताना घोणस चावलेली. विषानं किडनी बंद पडली होती.

“आजी, आज तुम्ही सगळ्यांत हलक्या आहात. तुम्ही जरा थांबा.”

सासूबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या हलक्या भरल्या त्याला कारण मी होते. त्यांचं पाणी मी मोजून देत असे, आमटी घट्ट करत असे, त्यांच्या उशाखालचा बर्फाचा डबा मी शोधून काढला होता. दुकानदारीण येताना उसाचा रस पिऊन आली होती. ती पहिली मशीनवर चढली.

“बघ,” सासूबाई म्हणाल्या. “पाणी पिऊ दिलं असतंस तर आज मी पण जड भरले असते. तू मला हलकी केलीस.”

चार मशीन सुरू झाली. पेठवाल्यांची एसटी उशिरा आली, त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या मागून लावलं. पाचवं मशीन स्वच्छ करून, नळ्या जोडून तयार होतं. त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. सासूबाई त्याच्यासमोरच्या बाकावर बसल्या होत्या आणि त्याच्यावरून नजर काढत नव्हत्या.

वेळ जात राहिला. टेक्निशियननं फोन लावला. तिकडून उत्तर आलं, निघालेत. पुन्हा लावला. निघालेत. कुठून निघाले, कुठवर आले, कोणाला सांगता येईना. पुढे कळलं की गाडी आधी दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात गेली होती, तिथे जागा नव्हती म्हणून तिला पुढे पाठवलं होतं. पण त्या दुपारी आम्हाला एवढंच माहीत होतं की कोणीतरी येतंय.

सासूबाईंना हळूहळू धाप लागायला लागली. हलक्या असल्या तरी दोन दिवसांचं पाणी अंगात होतंच. वाक्य अर्ध्यात तुटायला लागलं. मी जाऊन टेक्निशियनला म्हटलं, “मशीन रिकामंच आहे हो. लावा ना त्यांना.”

“ते रिकामं नाहीये ताई. ते त्या पोरीचं आहे. ती अजून आली नाही एवढंच.”

“आणि नाहीच आली तर?”

त्यानं दाराकडे बघितलं. बाहेर पाऊस होता, रस्ता होता, गाडी नव्हती. आणखी थोडा वेळ तो तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “घ्या आजींना.”

सासूबाईंच्या हातात सुया टोचल्या. नळ्या लाल झाल्या. त्यांनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला आणि मीही मांडीवरची पिशवी खाली ठेवली. तेवढ्यात फाटकात अॅम्ब्युलन्स वळली.

पोरीला स्ट्रेचरवरून आत आणलं. तोंड सुजलेलं, पायाला मांडीपर्यंत फोड, लुगड्याच्या काठाला अजून चिखल होता. तिची आई स्ट्रेचरची दांडी धरून चालत होती. डॉक्टर आले, त्यांनी बघितलं, मानेत नळी टाकायची तयारी करायला सांगितली आणि टेक्निशियनला विचारलं, “मशीन?”

पाचही मशीन चालू होती.

तो पहिल्यांदा आमच्याकडेच आला, आणि ते बरोबरच होतं. “आजी, तुम्ही हलक्या आहात. आत्ता काढतो, हिचं झालं की संध्याकाळच्या पाळीत तुम्हाला परत पुरं लावतो. चालेल?”

मी म्हटलं, “चालेल. काढा.”

सासूबाईंनी डोळे उघडले. “तू कोण गं चालेल म्हणणारी? सुया तुला टोचल्यात का?”

“आई, पोर बघा तरी.”

“बघितली.” मग त्या मोठ्यानं बोलायला लागल्या, खोलीभर ऐकू जाईल असं. बाजारात भाव पुकारावा तसा त्यांचा आवाज लागला होता. “लोकहो, ही माझी सून. हिला माझा जीव जड झालाय. आल्यापासून पाणी तोडलंय माझं. आता मशीनवरनं काढा म्हणती. आज काढा, उद्या काढा, एकदाची मेली म्हणजे हिला शिवणाचा क्लास उघडायला मोकळीक!”

शिवणाचा क्लास. इतके महिने घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता. त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो शब्द जपून ठेवला होता आणि नेमका त्या खोलीत बाहेर काढला. दुकानदारणीच्या सुनेनं माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावला. मी जमिनीकडे बघत राहिले.

टेक्निशियन सुभेदारांकडे गेला. ते म्हणाले, “मी वेळेवर येतो, वेळेवर जातो. नियम मी मोडलेला नाही.” दुकानदारणीनं झोप लागल्याचं सोंग केलं आणि तिची सून म्हणाली, घरी विचारावं लागेल. कॉलेजातल्या मुलीच्या वडिलांनी हात जोडले. ते तसेच हात जोडून उभे राहिले, तेव्हा तो तिथून वळला.

मग तो पेठवाल्या माणसापाशी गेला. तिथे त्यानं विचारलं नाही. “तुमचं आज इथवरच,” असं म्हणाला आणि मशीन थांबवायला लागला. त्या माणसाचं जेमतेम निम्मं झालं होतं. पाचांतला तो सगळ्यांत जड होता. नियमानं बघायला गेलं तर शेवटी काढायचा माणूस. त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको म्हणाली, “चालंल.” नळ्यांतलं रक्त परत अंगात गेलं, सुया निघाल्या, हातावर कापूस दाबून तो खाली उतरला. पोरीच्या आईनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिला काय माहीत. दोघं दारात गेले, चपला घातल्या आणि एसटीच्या स्टँडकडे निघाले.

पोर वाचली. बरेच दिवस ती येत राहिली, आधी स्ट्रेचरवरून, मग चाकाच्या खुर्चीतून, मग आईच्या खांद्यावर हात ठेवून. एक दिवस डॉक्टर म्हणाले, हिची किडनी पुन्हा सुरू झाली. त्यानंतर ती आली नाही. विषानं बंद पडलेली किडनी कधी कधी अशी परत चालू होते म्हणे. आमच्या पाळीत ती बातमी कोणालाच फारशी रुचली नाही. सुभेदार नुसते “नशीब” म्हणाले.

पण त्या दुपारी एक गोष्ट सगळ्यांना कळली होती. पेठवाले ऐकतात. त्यानंतर फोन आला की वजनाचा नियम कोणी काढीना. टेक्निशियन सरळ त्याच्याकडे जाई. कधी अर्धा तास काढून घेई, कधी तास. त्याच्याजवळ कारणही तयार असे, “तुम्ही उशिरा येता ना, मग पाळी पुढे सरकते.” आणि सासूबाई आता निघण्याआधी तांब्याभर पाणी माझ्यासमोर पिऊन निघत. “आता कर मला हलकी,” म्हणत. काट्यावर जड भरल्या की त्यांना पोरासारखा आनंद व्हायचा. रात्री धाप लागायची, तेव्हा मी त्यांना उठवून बसवायची.

एक दिवस पेठवाली बाई बाकावर माझ्याजवळ सरकली. “बाई, येळ कमी लावला तं पाणी कमी निघतं का वं?”

मी म्हटलं, “हो.”

तिनं खाटेवरच्या नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. “मंग पाय सुजतात ते त्याच्यानंच.”

“पुढच्या वेळी नाही म्हणा,” मी तिला म्हटलं. “सरळ नाही म्हणायचं. त्यांना तसं काढता येत नाही.”

तिनं ते केलं. पुढच्या फोनला ती नवऱ्याच्या खाटेपुढे उभी राहिली आणि म्हणाली, “नाय. आज पुरं लावा.” टेक्निशियन थकलेला होता. तो ओरडला. रोज उशिरा यायचं, सगळ्यांचा खोळंबा करायचा आणि वर तोंड करून बोलायचं, असं काय काय बोलला. पाचही खाटांवरची माणसं ऐकत होती. बाई बाजूला झाली. त्या दिवशी नवऱ्याला काढलं ते नेहमीपेक्षाही लवकर, निदान मला तसं वाटलं. नंतर ती माझ्याजवळ बसायला आली नाही.

दसऱ्याच्या आधी तो गेला. आमच्या घरात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे झेंडू. तसेच पिवळे हात घेऊन मी सासूबाईंना दवाखान्यात आणलं होतं. पेठवाल्याचं मशीन मोकळं होतं. टेक्निशियन म्हणाला, “घरीच गेला. गावातून फोन होता.” मग त्यानं आम्हाला एकेकाला लावलं. नवा पेशंट मिळेपर्यंत आमच्या पाळीत चार माणसं आणि पाच मशीन होती. फोन आला तरी कोणाला थांबावं लागत नव्हतं, कोणाचा तास जात नव्हता. सगळ्यांना पुरा वेळ मिळत होता. दुकानदारणीची सून म्हणाली, “आता कसं सगळं सुरळीत झालं,” आणि म्हणता म्हणता जीभ चावली. पण वाक्य पुरं झालं होतं.

थंडी पडायला लागली तेव्हा ती घोणस चावलेली पोर आली. तपासणीला आली होती. स्वतःच्या पायांनी चालत, नवी साडी, बरोबर आई. त्र्यंबकहून पेढे आणले होते. टेक्निशियनच्या ती पाया पडली, तो संकोचून मागे सरकला. मग ती प्रत्येक खाटेपाशी पेढा घेऊन गेली. सुभेदारांनी घेतला. दुकानदारणीनं दोन घेतले. ती आमच्यापाशी आली.

“आजी, पेढा घ्या. या मशीननं वाचवलं मला.”

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मशीननं नाय वाचवलं. त्या तिथं एक माणूस होता. त्याला अर्ध्यावर उठवून तुला निजवलं. मग रोजच उठवत राहिले. मेला तो.”

“आजी!” टेक्निशियन ओरडला.

“का? खोटं हाय?” सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. “आधी मला उठवत होते. मी नाय उठले. उठले असते तर तो अजून येत राहिला असता. लय गरीब माणूस होता.”

पोरीचा हात पुढेच राहिला होता. तिच्या आईनं तिचा दंड धरून ओढलं, “चल, म्हातारीचं काय मनावर घेतीस.” पण ती हलली नाही. तिचे डोळे भरले, मग तिनं ते पुसले. तिनं विचारलं, “कुठले होते ते? गाव कोणतं?”

मी टेक्निशियनकडे बघितलं. तो म्हणाला, “पेठ साइडचे.” सुभेदार छताकडे बघत होते. वर्षभर आम्ही आठवड्यातून तीनदा त्या खोलीत एकत्र होतो आणि यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. मलाही नाही.

“घाट उतरलीस की पूल लागतो,” सासूबाई म्हणाल्या. “पुलाच्या अंगाला शाळा हाय. शाळेमागनं पायवाटेनं वर गेलं की पाडा. तिसरं घर. दारात करंजाचं झाड. बाईला दोन पोरी, धाकटी आश्रमशाळेत. बाई आता द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं गेली असंल, होळीला घरी येती.”

पोर ऐकत होती, ओठ हलवून मनात घोकत होती. मग तिनं पेढा सासूबाईंच्या उघड्या हातावर ठेवला आणि आईबरोबर निघून गेली.

सासूबाईंना गोड चालत नव्हतं. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे रोखून बघत चघळत राहिल्या. मी अडवलं नाही.

परतताना रिक्षानं द्वारका चौक ओलांडला तेव्हा त्या म्हणाल्या, “जाईल का गं ती पोर तिकडं?”

“माहीत नाही.”

“नाय जायची,” त्या म्हणाल्या. “कशाला जाईल? मी नसते गेले.” आणि शाल ओढून त्यांनी तोंड रस्त्याकडे वळवलं.